मेयोवाला की स्मिथवाला

दोन माणसं आहेत. एकच नाव, एकच आडनाव, एकच काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), काळही एकच, आणि त्यातला एक माझ्या मुलांचा पूर्वज आहे, बहुधा. हे "बहुधा" काढून टाकायचं की तसंच ठेवायचं ह्यावरून आमच्याकडे सध्या बरीच चर्चा चाललीये, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं.

घराणं माझ्या नवऱ्याकडचं. व्हर्जिनियातून केंटकीत आणि तिथून पुढे पश्चिमेला सरकत गेलेली शेतकरी माणसं. नावं इथे देत नाही, कारण हयात नातेवाईक पुष्कळ आहेत आणि त्यांना न विचारता बरं नाही. तर ज्या दोघांबद्दल बोलतेय त्यातला एक मेयो नदीकाठी राहायचा आणि एक स्मिथ नदीकाठी, म्हणून मी माझ्या वहीत त्यांना मेयोवाला आणि स्मिथवाला म्हणते, आणि ज्याचा बाप आपल्याला शोधायचाय तो केंटकीवाला.

केंटकीवाला पक्का आहे, त्याच्याबद्दल शंका नाही. अमेरिकेतली पहिली शिरगणती १७९० ची, पण १८४० पर्यंतच्या सगळ्या शिरगणत्यांमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकी घर म्हणजे नुसते आकडे, इतक्या वयाचे इतके पुरुष, इतक्या बायका, बस. १८५० ला पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य लिहिलं गेलं. त्या १८५० च्या यादीत केंटकीच्या बॅरन काउंटीत हा आमचा म्हातारा आहे, वय ७४, शेतकरी, जन्म व्हर्जिनिया, लिहितावाचता येत नाही. म्हणजे जन्म १७७६ च्या आसपास, आणि आसपासच म्हणायचं, कारण वय कुणी सांगितलं ते त्या कागदावर नाही, तो स्वतः घरी असेल, सुनेने सांगितलं असेल, शेजाऱ्यानेही सांगितलं असेल. १८८० च्या शिरगणतीत प्रत्येकाच्या आईवडलांचा जन्म कुठला हेही विचारलं होतं, तर त्याचा एक मुलगा म्हणतो वडील व्हर्जिनियाचे आणि दुसरा म्हणतो नॉर्थ कॅरोलायनाचे. सख्खे भाऊ. पहिल्यांदा ह्याचा मला वैताग आला होता पण नंतर नकाशा बघितला आणि वाटलं की दोघंही आपापल्या परीने बरोबर असतील, कारण मेयो नदी व्हर्जिनियातून सरळ खाली नॉर्थ कॅरोलायनात उतरते आणि त्या काठावरच्या माणसांना राज्याची सीमा रोज ओलांडावी लागत असणार.

आता ह्याच्या मागे जायचं तर मोठी अडचण. व्हर्जिनियाची १७९० ची शिरगणती शिल्लक नाही, १८०० ची जवळजवळ सगळी गेली, आणि केंटकीच्याही ह्या दोन्ही गेल्या. म्हणजे नेमकी ज्या वीस वर्षांत आपला माणूस लहानाचा मोठा झाला, लग्न केलं आणि डोंगर ओलांडून गेला, त्या वर्षांची यादीच नाही. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी तेव्हा व्हर्जिनियात नव्हत्याच, त्या १८५३ ला सुरू झाल्या. इथे बहुतेक लोक हात टेकतात आणि इंटरनेटवर कुणीतरी बनवलेली वंशावळ उचलतात.

तशी एक तयार वंशावळ आमच्यासाठीही आहे, आणि ती बघून सासरची मंडळी फार खूश होती. तिच्यात केंटकीवाल्याचा बाप म्हणून जो माणूस दिलाय तो समुद्राजवळच्या सखल भागातल्या, टाइडवॉटर म्हणतात त्या भागातल्या, एका बड्या तंबाखूवाल्या जमीनदाराचा मुलगा. मग त्या जमीनदाराच्या मागे इंग्लंडमधला सरदार, कोट ऑफ आर्म्स म्हणजे घराण्याचं मानचिन्ह, सगळं. नवऱ्याची आत्या ह्या घराण्याचं सगळं जपते, फोटो, पत्रं, बायबलमधली पानं, तिने फार प्रेमाने ते जपलंय आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे, आणि तिने ही वंशावळ प्रिंट करून फ्रेम पण केलीये. त्यातच तीन भावांची गोष्ट आहे, तीन भाऊ बोटीतून आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, एक पश्चिमेला. ही गोष्ट इथल्या असंख्य घराण्यांत सांगतात. एकाच आडनावाची माणसं वेगवेगळ्या वसाहतींत दिसली की त्यांना एका आईच्या पोटी घालायचा सगळ्यात सोपा मार्ग हा.

त्या वंशावळीला उत्तर द्यायचं तर नुसतं "पुरावा नाही" म्हणून भागत नाही, कारण समोरचा म्हणतो पुरावा जळला असेल. आणि जळले आहेतच की कागद. बकिंगहॅम काउंटीचं कोर्टहाउस १८६९ ला जळलं आणि जुने कागद त्यात गेले. पूर्वेकडच्या कित्येक काउंट्यांनी सिव्हिल वॉरमध्ये आपले कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला पाठवले आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर सोडताना जी आग लागली त्यात ते राख झाले, हॅनोव्हरचं आणि जेम्स सिटीचं तसंच झालं. हे वाचताना खरंच पोटात तुटतं. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात येते, की खोट्या वंशावळी नेमक्या ह्याच जळक्या काउंट्यांतून जातात, कारण तिथे कुणी खोडून काढू शकत नाही. आमच्या वंशावळीतही जमीनदाराच्या ह्या मुलाचं लग्न कुठे झालं म्हणे, तर बकिंगहॅमला.

मग मी उलटं केलं. आपला माणूस शोधायचा सोडून त्या जमीनदाराच्या मुलाच्या मागे लागले, शेवटपर्यंत. ज्याच्या गळ्यात तुमचा पूर्वज बांधलाय त्या माणसाचं पुढचं आयुष्य शोधायचं, तो कुठे राहिला, कुठे मेला, मागे कोण होतं. तर हा गृहस्थ १७८२ पासून दरवर्षी आपल्या टाइडवॉटरच्या काउंटीत टॅक्स भरतोय, घोडे आहेत, गुरं आहेत, आणि तिथेच वारला, मृत्युपत्र आहे, मुलांची नावं आहेत, आणि त्यात केंटकीला गेलेला कुणीही नाही. एक माणूस एकाच वर्षी तंबाखूच्या मळ्यावर आणि तिथून दूर डोंगरपायथ्याशी दोन्हीकडे टॅक्स भरत असेल हे शक्य आहे, श्रीमंत लोकांच्या जमिनी दोन-तीन काउंट्यांत असायच्या, पण त्याच्या मृत्युपत्रात मेयो किंवा स्मिथ नदीकाठची एक एकर पण जमीन नाही. माझ्यासाठी तो विषय तिथे संपला.

अशा वंशावळी येतात कुठून हेही सांगते. १८९० मध्ये डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही संस्था स्थापन झाली, तिच्यात जायचं तर स्वातंत्र्ययुद्धातल्या पूर्वजापर्यंतची साखळी दाखवावी लागते, आणि त्याच सुमाराला सगळ्या देशभर घराण्याचा इतिहास छापून घ्यायचं वेड पसरलं. सुरुवातीचे अर्ज आजच्या मानाने फार सैल तपासले जायचे. आणि पैसे घेऊन पूर्वज बनवून देणारी माणसं पण होती, गुस्ताव आंजू हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध, श्रीमंत गिऱ्हाइकांना हवं तसं घराणं तयार करून द्यायचा, खऱ्या कागदांमध्ये खोटा दुवा बेमालूम बसवायचा, आणि त्याची पुस्तकं आजही लायब्ररीत आहेत, स्कॅन होऊन ऑनलाइन आलीत, तिथून लोकांच्या वंशवृक्षांवर गेलीत. शंभर ठिकाणी तेच लिहिलंय म्हणजे खरं असं नाही, ती शंभर ठिकाणं एकाच पानाची नक्कल असतात.

बरं, मग खरा माणूस कुठला? इथे मला सगळ्यात जास्त मदत कशाची झाली असेल तर टॅक्सच्या यादीची. व्हर्जिनियात १७८२ पासून दोन याद्या आहेत, एक जमिनीची आणि एक माणसं, घोडे, गुरं, गुलाम वगैरेंची. मायक्रोफिल्म रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियामध्ये आहेत आणि फॅमिलीसर्च ह्या पूर्वज शोधायच्या वेबसाइटवर बऱ्याचशा फुकट बघता येतात. १८०८ चं एक वर्ष सोडलं, त्या वर्षी हा टॅक्स घेतलाच नव्हता, तर वर्षामागून वर्ष सलग आहेत. शिरगणती दहा वर्षांनी एकदा येते, ह्या याद्या दरवर्षी. आणि सरकारला पैसे हवे असतात तेव्हा सरकार कुणाला विसरत नाही.

पण त्याआधी काउंटीचा घोळ समजून घ्यायला लागतो, नाहीतर माणूस चुकीच्या कोर्टहाउसमध्ये शोधत बसतो. ह्या भागातली एखादी जमीन धरा. ती आधी ब्रन्सविक काउंटीत होती, १७४६ ला लुनेनबर्गमध्ये गेली, १७५२ ला हॅलिफॅक्समध्ये, १७६७ ला पिट्सिल्व्हेनियात, १७७७ ला हेन्रीत, आणि १७९१ ला पॅट्रिकमध्ये. माणूस जागचा हलला नाही, झोपडी तीच, ओढा तोच, आणि त्याचे कागद सहा काउंट्यांत पसरलेत. बरेच लोक लिहितात की आमचा पूर्वज सारखा स्थलांतर करायचा, आणि तो बिचारा एका जागी बसलेला असतो, सीमाच त्याच्या अंगावरून पुढे गेलेली असते. मेयोवाला आणि स्मिथवाला दोघंही आधी हेन्रीच्या यादीत आणि १७९१ नंतर पॅट्रिकच्या यादीत दिसतात.

दोघांची नावं एक असल्यामुळे क्लार्कने एकापुढे सीनियर आणि दुसऱ्यापुढे ज्युनियर लिहिलंय. आणि इथे सगळे फसतात, बापलेक समजतात. त्या काळात सीनियर-ज्युनियर म्हणजे गावात एका नावाचे दोघं आहेत, एक मोठा एक धाकटा, एवढंच. काका-पुतण्या असतील, चुलत भाऊ असतील, काहीही नातं नसेल. वर मोठा मेला किंवा निघून गेला की धाकटा आपोआप सीनियर होतो, आणि दहा वर्षांनी त्याच नावाचा तिसरा पोरगा ज्युनियर म्हणून येतो. त्यामुळे मी ती बिरुदं बाजूलाच ठेवली आणि दुसऱ्या खुणा धरल्या. स्मिथवाल्याकडे दरवर्षी गुलामांचा टॅक्स आहे, मेयोवाल्याकडे एकदाही नाही. स्मिथवाला सही करतो, मेयोवाला फुली मारतो. बायकांची नावं वेगळी, आणि ती कळतात जमीन विकताना, कारण नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा विधवाहक्क असायचा आणि तो सोडतेय असं तिला कोर्टापुढे वेगळं, नवऱ्याच्या गैरहजेरीत विचारून लिहून घ्यायचे. कित्येक बायकांचं नाव आज जगाला ठाऊक आहे ते फक्त त्या एका ओळीमुळे.

मग आली ती गोष्ट जिच्यामुळे मला आशा वाटायला लागली. त्या यादीत प्रत्येक घरापुढे सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष किती हा आकडा असतो. मेयोवाल्यापुढे १७९२ पर्यंत १ आहे. १७९३ ला २ होतो. म्हणजे घरात कुणीतरी पोरगा सोळा पूर्ण झालाय, जन्म १७७६ च्या आसपास. तो २ पुढची काही वर्षं टिकतो आणि १७९७ ला परत १ होतो, आणि त्याच वर्षी आमचा केंटकीवाला पहिल्यांदा स्वतःच्या नावाने यादीत येतो, एकवीस वर्षांचा, एक घोडा. आणि यादीत तारीख पण असते, म्हणजे टॅक्सवाला कमिशनर कुठल्या दिवशी कुणाकडून माहिती घेऊन गेला ती, तर दोघांची तारीख एकच आहे. नावं पहिल्या अक्षराप्रमाणे लावल्यामुळे यादीवरून शेजार कळत नाही असं वाटतं, पण तारखेप्रमाणे परत मांडली की त्या दिवशी कमिशनर कुठल्या ओढ्याने वर गेला ते दिसायला लागतं. मी ती मांडणी केली तेव्हा रात्र झाली होती आणि घरात सगळे झोपले होते, आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं. स्मिथवाल्यापुढे ह्या सगळ्या वर्षांत आकडा १ च आहे.

हा पुरावा झाला का? नाही. तो दुसरा पुरुष पुतण्या असू शकतो, आईबाप गेलेला शेजाऱ्याचा पोरगा असू शकतो, कामाला ठेवलेला असू शकतो. यादीत नातं लिहीत नाहीत, टॅक्स घेणाऱ्याला नात्याशी काय करायचंय. प्रत्येक कागद कुणीतरी कशासाठी तरी लिहिलाय, आणि आपल्यासाठी तर नक्कीच नाही.

ह्यावरून एक आठवलं, थोडं बाजूला जातेय पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. व्हर्जिनियात माणसं आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळायची, हेडराइट म्हणायचे, आणि कुणाकुणाला आणलं त्यांची नावं जमिनीच्या कागदावर लिहायची. १६३५ मध्ये जॉर्ज मेनेफी नावाच्या माणसाच्या अशा यादीत एक नाव आहे, टोनी, आणि पुढे लिहिलंय ईस्ट इंडियन. म्हणजे आपल्या बाजूचा माणूस, अमेरिकेत, १६३५ ला. त्याचं खरं नाव काय होतं, कुठल्या बंदरातून बोटीवर चढला, बायकापोरं होती का, काही म्हणजे काही नाही, कारण त्या कागदाला फक्त ५० एकरांशी मतलब होता. मी इथे आल्यापासून कुणी ना कुणी मला सांगत असतं की तुम्ही लोक अगदी अलीकडे आलात. मला ते नाव दिसलं तेव्हापासून मी ते विसरले नाही. त्याचे वंशज असतील तर त्यांना आज कसं कळणार?

आणि स्मिथवाल्याच्या घरातल्या गुलामांच्या वंशजांचंही तेच. १७८० च्या दशकातल्या सुरुवातीच्या काही याद्यांमध्ये मालकाच्या नावापुढे गुलामांची नावं लिहिलीत, नुसतं पहिलं नाव. नंतर फक्त आकडा. १८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी यादी झाली पण तिच्यात नावच नाही, मालकाचं नाव, त्याखाली वय, लिंग, रंग. मुक्त झालेल्या बहुतेक लोकांची नावं शिरगणतीत पहिल्यांदा येतात ती १८७० ला, त्यामुळे काळ्या कुटुंबांचा शोध १८७० च्या भिंतीवर येऊन अडकतो. स्मिथवाला आमचा असो नसो, त्याच्या यादीतली आणि पुढे त्याच्या मालमत्तेच्या मोजदादीतली नावं मी सगळी वेगळी उतरवून घेतली, वर्ष, काउंटी, मालक, सगळ्यासकट, आणि जिथे अशी नावं जमवतात तिथे टाकली. मोजदादीत घोडा, नांगर, पितळी किटली आणि माणसं एका खाली एक, प्रत्येकापुढे किंमत. हे बघितल्यावर घराण्याचा अभिमान वगैरे बोलताना मी जपून बोलायला लागले.

परत मेयोवर येते. केंटकीवाल्याच्या लग्नाचा करार पॅट्रिक काउंटीत आहे. तेव्हा लग्नाआधी नवरा आणि एक जामीन मिळून कोर्टात रक्कम लिहून द्यायचे की ह्या लग्नाला कायद्याने अडचण नाही, आणि वधू किंवा वर एकवीसच्या आतला असेल तर बापाची चिठ्ठी लागायची. जामीन बहुतेक मुलीकडचा असायचा. मुलगी लहान होती, तिच्या बापाची चिठ्ठी जोडलीये, आणि त्या चिठ्ठीवर साक्षीदार म्हणून मेयोवाल्याची फुली आहे. पुढे मेयोवाल्याने १८०२ ला जमीन विकली त्या खतावर केंटकीवाल्याची फुली. साक्षीदार म्हणजे नातेवाईक असं मुळीच नाही, कोर्टाच्या दिवशी जो समोर उभा असेल तो साक्षीला चालायचा, पण दोघं परत परत एकमेकांच्या कागदावर येतायत, आणि स्मिथवाला ह्या कुठल्याच कागदावर नाही.

मग तिसऱ्याच माणसाच्या कागदातून एक धागा मिळाला. ह्या शोधात मुरलेली माणसं सांगतात की पूर्वज सापडत नसेल तर त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना शोधा, कारण ह्या डोंगरातून कुणी एकटं जात नव्हतं, चार-सहा कुटुंबं बरोबर निघायची आणि तिकडे जाऊन परत एका ओढ्यावर बसायची. केंटकीत टॅक्सच्या याद्या १७९२ पासून आहेत आणि त्यात जमीन कुठल्या पाण्यावर आहे ते पण लिहितात. बॅरन काउंटीतल्या केंटकीवाल्याच्या ओढ्यावरचा एक म्हातारा शेजारी आहे, त्याने १८३३ मध्ये स्वातंत्र्ययुद्धाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. १८३२ च्या कायद्याने सहा महिने किंवा जास्त नोकरी केलेल्या जवळजवळ सगळ्यांना पेन्शन खुली झाली, गरिबी दाखवायची अट गेली, आणि अर्जदाराला कोर्टात ठरावीक प्रश्न विचारायचे, जन्म कुठे, कुठल्या साली, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे कुठे राहिलात, स्वतःहून गेलात की कुणाच्या बदली. पन्नास वर्षांपूर्वीचं आयुष्य म्हातारा तोंडी सांगतोय आणि क्लार्क लिहून घेतोय. माझ्या मते अमेरिकेतल्या जुन्या कागदांमध्ये ह्यासारखं दुसरं काही नाही, ह्यात माणसं बोलतात. तर हा म्हणतो की तेव्हा मी हेन्री काउंटीत मेयोवर राहत होतो, आणि गिलफर्ड कोर्टहाउसच्या लढाईच्या वर्षी, म्हणजे १७८१ ला, एका शेजाऱ्याच्या बदली गेलो, आणि शेजाऱ्याचं नाव सांगतो. तेच नाव. "त्याची पोरं लहान होती" असं पुढे म्हणतो. आमचा पोरगा तेव्हा पाच वर्षांचा असणार.

मी हे वाक्य आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, म्हणजे आपला माणूस लढाईला गेलाच नाही? मी म्हटलं आत्या, त्याच्या घरात लहान पोरं होती, पेरणीचे दिवस जवळ आले होते, आणि शेजारी त्याच्या जागी गेला आणि वीस वर्षांनी त्याच शेजाऱ्याबरोबर ह्याचा मुलगा केंटकीला गेला, मला तर हे सरदारापेक्षा मोठं वाटतं. तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण तिने ते वाक्य लिहून मागितलं.

डीएनएचं पण विचारतात लोक. साध्या टेस्टचा इतक्या मागे फारसा उपयोग नाही, पाच-सहा पिढ्यांपलीकडच्या एखाद्या पूर्वजाचा एक तुकडा सुद्धा आपल्यात नसेल असं सहज होतं. वाय डीएनए बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो म्हणून तो कामाचा. नवऱ्याच्या एका चुलतभावाने ती टेस्ट केली, आणि टाइडवॉटरच्या त्या जमीनदाराच्या वंशजांशी त्याचं अजिबात जुळत नाही, गटच वेगळा. म्हणजे फ्रेमला आता दोन्ही बाजूंनी आधार नाही. पण मेयोवाला की स्मिथवाला हे त्यातून कळत नाही, कारण ते दोघं एकाच आजोबांचे नातू असले तर दोघांचा वाय सारखाच असणार, आणि नदीकाठच्या जमिनीच्या मोजणीत एकाची साखळी दुसऱ्याने धरलीये, त्यामुळे ते भाऊबंद असावेत असा मला दाट संशय आहे. मोजणीची साखळी धरायला घरचीच माणसं घ्यायचे.

अलीकडे फॅमिलीसर्चने जुन्या हस्ताक्षरातले कागद कॉम्प्युटरकडून वाचून घेऊन त्यात शब्द शोधायची सोय काढलीये, जमिनीची खतं आणि मृत्युपत्रं आधी. पूर्वी इंडेक्समध्ये फक्त विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव असायचं, आता मधल्या मजकुरात आलेला शेजारी, साक्षीदार, साखळीवाला पण सापडतो. ह्यातच मला स्मिथवाल्याच्या वारसांनी वाटणीची जमीन विकल्याचं खत मिळालं, त्यावरून कोर्टातला दावा शोधला, आणि दाव्यात सगळे वारस एकेक करून लिहिलेत, कोण टेनेसीला गेला, कोणती मुलगी कुणाला दिली, कोण वारला आणि त्याची पोरं कोण. केंटकीवाला तेव्हा जिवंत होता, पत्ता माहीत असलेला माणूस होता, आणि तो त्यात नाही. वाटणीच्या दाव्यात एक वारस सुटला तर पुढे सगळा व्यवहार अडचणीत येतो, त्यामुळे वकील मंडळी कुणाला सोडत नाहीत. माझ्या मते स्मिथवाला बाप नाही हे आता नक्की म्हणता येईल.

पण स्मिथवाला नाही म्हणून मेयोवाला आहे असं होत नाही ना. तिसरा कुणीतरी असू शकतो, जो १७८२ च्या आधीच वारला आणि ज्याचा पोरगा मेयोवाल्याने वाढवला. हेन्री काउंटीच्या कोर्टात पोरक्या मुलांना कुणाच्या हाती सोपवलं त्याचे हुकूम असतात, ते मी चाळले, त्यात हे नाव दिसलं नाही, पण सगळीच पोरकी मुलं कोर्टापर्यंत जात नसत.

पुढच्या उन्हाळ्यात घराण्याचं संमेलन आहे आणि त्यासाठी मोठा तक्ता छापायचाय. सासूबाई म्हणतात एवढं केलंस तर नाव टाकून दे, कोण बघायला येणारे. नवरा म्हणतो तुझं तू ठरव. मी नाव टाकणार आहे, पण "बहुधा" लिहून आणि खाली चार ओळीत कारणं देऊन, कारण आज मी ते गाळलं तर पुढच्या वर्षी कुणीतरी त्या तक्त्याचा फोटो काढून ऑनलाइन टाकेल आणि मग ते पक्कं होऊन फिरत राहील, जसं त्या जमीनदाराचं झालं. आत्याचा आधी विरोध होता. परवा तीच म्हणाली, मग त्या दोघांमधली रेघ तुटक काढ. तुटक रेघ काढतेय.

आता उरलंय ते हे, की मेयोवाला १८०२ ला जमीन विकून गेला कुठे? पॅट्रिकच्या यादीत पुढच्या वर्षीपासून तो नाही. बॅरनच्या यादीत त्या नावाचा म्हातारा मला अजून मिळालेला नाही, पण वयामुळे किंवा आजारपणामुळे कोर्टाने टॅक्स माफ केला तर माणूस यादीतून गायब होतो, ती माफी ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे कोर्टाच्या हुकमांच्या वहीत असते आणि बॅरनची ऑर्डर बुक्स मी अजून पूर्ण वाचली नाहीत. दुसरी शक्यता नदीच्या खालच्या अंगाची, नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टोक्स आणि रॉकिंगहॅम काउंट्या, तिथली खतं. आधी स्टोक्स घेतेय. कुणी त्या काउंटीची १८०२ ते १८१० ची खतं वाचली असतील आणि मेयोच्या पाण्यावर फुली मारणारा, व्हर्जिनियाहून नवीन आलेला माणूस दिसला असेल, तर मला जरूर कळवा, नाव मी खाजगीत सांगेन.